बालाजीरावांची पिशवी

४ जानेवारी, रविवार

मंडळाच्या सभेत आज तोंड उघडलं आणि काम गळ्यात पडलं. साठी उलटली तरी मला अक्कल येत नाही.

आमचे सचिव विद्याधर दरवर्षीप्रमाणे कागद घेऊन बसले होते. तिळगूळ, हळदीकुंकू, संगीतखुर्ची. संगीतखुर्चीत गेल्या वर्षी दोघींचे गुडघे गेले, तरी पुन्हा संगीतखुर्ची. मी म्हटलं, अहो, तीस-तीस वर्षं चेन्नईत राहतोय आपण, मरिना सोडून समुद्राची दुसरी बाजू कोणी पाहिलीये का? उत्तरेकडे रोयापुरमला जुन्या धक्क्यांचा भाग आहे, कोळशाच्या वखारी, मिठाची गोदामं, होड्या दुरुस्तीची आवारं, मागे कालवा. एके काळी सगळ्या शहराचं पोट तिथून भरायचं, आता सगळं कुलुपात. सकाळी चालत जाऊ, बघू, कोणीतरी समजावून सांगेल.

सगळ्यांनी विद्याधरांकडे बघितलं. मग विद्याधर म्हणाले, "छान आहे. तुम्हीच करा." एक फेब्रुवारी, सकाळी सात, तीन किलोमीटर. जमलं तर दर महिन्याला ठेवू, नाही जमलं तर संगीतखुर्ची आहेच. हे शेवटचं ते हसत म्हणाले, पण सगळ्यांनी ऐकलं.

आता समजावून सांगणारा 'कोणीतरी' मला आणायचाय. असा एकच माणूस आहे, बालाजीराव. तंजावरकडचे मराठी. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, ह्यांनी स्वतः महाराष्ट्र पाहिलेला नाही. वय अठ्ठ्याहत्तर, बंदरात छत्तीस वर्षं नोकरी. गणपतीत येतात आणि शेवटच्या खुर्चीत बसतात. ते नाही म्हणाले तर फेरी म्हणजे मी बाई बंद भिंतींकडे बोट दाखवत हिंडणार.

७ जानेवारी, बुधवार

बालाजीराव हो म्हणाले. पण अटी! फेरी सकाळीच. रस्ता ते ठरवणार. एकदा ठरला की एका पावलाचाही बदल नाही. आणि छापील कागद त्यांना द्यायचा नाही, "अस्की पाठ आहे मला." अस्की म्हणजे सगळं. त्यांच्या मराठीत पन्नास शब्द असे आहेत की मला तिथल्या तिथे अर्थ विचारावा लागतो.

गिरीधरना सांगितलं तर म्हणाले, "दोन हट्टी माणसं, तीन किलोमीटर. मी घरी थांबतो." रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ह्यांची विनोदबुद्धी फार वाढली आहे.

११ जानेवारी, रविवार

पहिली पाहणी. डोकं भणभणतंय.

रोयापुरम स्टेशनसमोर सातला भेटायचं ठरलं होतं. अण्णा नगरहून मी पावणेसातला पोचले. बालाजीराव दहा पावलांवर उभे. पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, खांद्याला एक मळकी कापडी पिशवी. मी हात केला. बघितलं न बघितल्यासारखं केलं. पुन्हा केला, पुन्हा तेच. पाच मिनिटं मी ट्रॅफिक पोलिसासारखी हात हलवतेय आणि गृहस्थ समोर बघून उभे. शेवटी ओरडले तेव्हा म्हणाले, "बाई, आलात का?" म्हणजे माणसाने गळा फाडल्याशिवाय ओळख द्यायची नाही.

चालायला लागलो तर भिंतीकडेने, भिंतीला डाव्या हाताची बोटं घासत. उजवा हात सतत पिशवीत. ओठ हलतायत. मला आधी वाटलं सुपारी आहे तोंडात. मग लक्षात आलं, जप! पिशवीत माळ असणार. देवभोळेपणाला माझं काही म्हणणं नाही, पण बरोबर बाई चाललीये, तिच्याशी बोलायचं सोडून नामस्मरण? मधेच काही विचारलं की हात वर करून "इरुंगो" म्हणतात, म्हणजे थांबा, आणि त्यांचं काय ते पुरं झालं की मगच उत्तर.

वर माझी परीक्षा. एका जुन्या फाटकाशी उभे राहिले आणि म्हणाले, "वर काय लिहिलंय वाचा बघू. तमिळ किती येतं तुम्हांला?" बँकेत पस्तीस वर्षं तमिळ अर्ज वाचले मी! खणखणीत वाचून दाखवलं. "बरोबर," म्हणाले, मास्तरांसारखे. असं चार ठिकाणी केलं.

माहिती मात्र सोन्यासारखी आहे, ती लिहून ठेवते, निवेदनाला उपयोगी पडेल. बालाजीराव मोजणीच्या बोटीवर होते. धक्क्यापाशी मोठी जहाजं यायची तर पाणी किती खोल आहे ते रोज मोजावं लागे. शिशाचा गोळा दोरीला बांधून पाण्यात सोडायचा, तळाला टेकला की दोरीवरच्या खुणेवरून खोली ओरडून सांगायची. खुणा म्हणजे चामड्याची पट्टी, सुती चिंधी, लोकरीची चिंधी, गाठ. प्रत्येक वेगळी, अंधारात डोळ्यांनी न बघता हाताला कळावी म्हणून. पावसापाण्यात, पहाटे, कशीही. "डोळा चुकतो, बाई. हात चुकत नाही," म्हणाले. वाक्य छान आहे, फलकावर घालता येईल.

१८ जानेवारी, रविवार

माझा घोटा सुजलाय आणि माझं डोकं त्याहून जास्त.

विद्याधरांचा निरोप होता की वाटेत स्वच्छतागृह हवं. रास्त आहे, निम्म्या लोकांना मधुमेह. पलीकडच्या गल्लीने गेलं तर एक बरं हॉटेल आहे, इडली चांगली, बाकीची सोय चांगली. फक्त दोन वळणं बदलायची. मी बालाजीरावांना अर्धा तास समजावलं. नाही म्हणजे नाही. मी म्हटलं, कारण तरी सांगा. म्हणाले, "रस्ता ठरला." जणू राजाज्ञाच. मी हात टेकले.

आणि मग मिठाच्या गोदामाच्या कोपऱ्यावर गटारावरची फरशी फुटलेली होती, तिच्यात माझा पाय गेला. अख्खी बाई रस्त्यात बसली. बालाजीराव दोन हातांवर उभे. हात द्यायचं सोडा, हे गृहस्थ विचारतात, "काय झालं?" मी रस्त्यात पडलेय, चप्पल गटारात गेलीये, आणि काय झालं! मी तोंडाने सविस्तर सांगितलं तेव्हा कुठे चेहरा कावराबावरा झाला. मग तीन-तीनदा विचारलं की फरशी नेमकी कुठे, कोपऱ्यापासून किती पावलांवर. माझ्या पायाचं कोणाला पडलेलं नाही, ह्यांना फरशीचा पत्ता हवा. शेवटी एक मासेवाली धावत आली आणि तिने उठवलं.

घरी गिरीधरनी बाम चोळून दिला आणि न हसण्याचा प्रयत्न केला. प्रयत्न केला, एवढंच म्हणेन.

२१ जानेवारी, बुधवार

हळदीकुंकवाची तीन घरं झाली. पाच खण मिळाले. त्यातला हिरवा, जरीकाठी, दोन वर्षांपूर्वी मीच दिलेला आहे. शाईचा ठिपका ओळखला. शहरभर हिंडून लेक माहेरी आली. कपाटात आता तेवीस खण झाले, आणि आजकाल ब्लाउज शिवतं कोण?

विद्याधरांचा फोन. रस्ता ओलांडताना लोक पांगतात, तेव्हा सगळ्यांनी धरायला एक लांब दोरी हवी. बालवाडीच्या सहलीसारखी. बालाजीरावांना विचारलं, बंदरातल्या माणसाकडे दोरी असेलच. "रविवारी पाहू," म्हणाले. सरळ हो म्हणायला ह्यांचं काय जातं ते कळत नाही.

बत्तीस नावं आली आहेत. बत्तीस! मला झोप लागत नाही.

२५ जानेवारी, रविवार

रंगीत तालीम. खोटं कशाला लिहू, मान खाली घालून कबूल करते, माणूस बोलायला लागला की ऐकत राहावं. कोळशाच्या वखारीपाशी उभं राहून त्यांनी सांगितलं, इथे बायका डोक्यावर कोळसा वाहायच्या, घरी गेल्या की पोरं आईला आवाजावरून ओळखायची, तोंड काळं असायचं ना. मला हसू आलं, पण हसवेना. आता तिथे नुसती भिंत आणि भिंतीवर सिनेमाची पोस्टरं. तीही नीट दिसत नाहीत, पण ह्यांच्या तोंडून वखार उभी राहते. रविवारी हा माणूस असा बोलला तर विद्याधर संगीतखुर्चीचं नाव काढणार नाहीत.

कालव्यापाशी संपवून रिक्षाने त्यांना घरी सोडलं. रोयापुरममध्येच एका गल्लीत राहतात, सून कनका दारात उभीच होती. म्हणाली, तुम्ही बरोबर असता म्हणून पाठवते हो. बरं वाटलं, माझ्या कष्टांची कोणीतरी दखल घेतली. त्या गडबडीत त्यांची पिशवी रिक्षात राहिली, ती मी घरी आणली.

घरी उघडून बघितली. माळ नाहीच! आत दोरी. तीसेक फूट असेल, आणि इतकी मळकी की हात लावायची किळस यावी. वीत-वीत अंतरावर गाठी, आणि मधे काय काय बांधलेलं: चामड्याचे तुकडे, गोणपाट, खाकी चिंध्या, एक जुन्या लुगड्याचा तुकडा. म्हणजे रविवारी पाहू म्हणता म्हणता दोरी आणली होती, आणि द्यायचं विसरले. पण ही दोरी मंडळातल्या बायका धरणार? सुलभ शौचालयाच्या दाराची कडीसुद्धा रुमालाने धरणाऱ्या बायका!

बसले सोडवायला. दोन तास लागले. गाठी दगडासारख्या, केसातली पिन वाकली, नख तुटलं. गिरीधर म्हणाले, अगं राहू दे, त्यांची वस्तू आहे. मी म्हटलं, तुम्ही वर्तमानपत्र वाचा. चिंध्या सगळ्या कचऱ्यात टाकल्या आणि दोरी साबण घालून मशिनला लावली.

मशिन चालू असतानाच बालाजीरावांचा फोन आला, पिशवी तुमच्याकडे आहे का, आत्ता येऊन नेतो. मी म्हटलं, ह्या वयात कुठे येता, दोरी आहे माझ्याकडे, गाठी सोडवून धुवायला टाकलीये, नव्यासारखी करून देते. त्यावर काही बोललेच नाहीत. बहुतेक फोन कट झाला.

२८ जानेवारी, बुधवार

इतका संताप झालाय की अक्षर वेडंवाकडं येतंय.

दोरी पांढरीशुभ्र निघाली होती. छान गुंडाळी करून, पिशवीसुद्धा धुऊन इस्त्री करून, त्यांच्या घरी घेऊन गेले. कनकाने कॉफी आणली. सासऱ्यांच्या हातात तंबलर देऊन वर त्यांची बोटं त्याच्याभोवती ठेवली. इतके लाड! आमच्याकडे चहा ओट्यावर आहे म्हणून सांगतात.

मग मी दोरी त्यांच्या हातात दिली. ती ते एका टोकापासून बोटांमधून सरकवत गेले. शेवटपर्यंत गेले, मग उलट परत आले. कितीतरी वेळ. मी वाट बघतेय की आता म्हणतील, वा. तर दोरी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "फार स्वच्छ झाली, बाई." आणि मग, "रविवारी मला जमायचं नाही. तुम्हीच न्या सगळ्यांना."

का? तर काही नाही. तब्येत? नाही. माझं काही चुकलं? नाही, नाही. मी नुसती विनवण्या करत राहिले आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. बत्तीस माणसं, फलक छापलेले, इडल्या सांगितलेल्या, आणि चार दिवस आधी हा माणूस मोडता घालतो. माझ्या तोंडून जायचं ते गेलं. म्हटलं, तुमच्या तऱ्हा सांभाळता सांभाळता मी मेले, तुम्हांला माणसांची किंमतच नाही. ते नुसते "सरी" म्हणाले. सरी म्हणजे बरं.

कनका दारापर्यंत आली, काहीतरी बोलणार होती. मी थांबले नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

सकाळी ठरवलं, करतेच एकटी. निवेदन लिहायला ही वही उघडली आणि अकरा तारखेचं पान काढलं.

'अंधारात डोळ्यांनी न बघता हाताला कळावी म्हणून.' माझंच अक्षर.

खाली फरशीवर बसले. पुढचं पान, त्याच्या पुढचं. हात हलवत मी उभी. भिंतीला घासणारी बोटं. वाचा बघू वर काय लिहिलंय. काय झालं, बाई? तंबलरभोवती ठेवलेली बोटं. सगळं मीच लिहिलंय, तारीख घालून, आणि वर चिडचीड.

गिरीधरना बोलावून वाचून दाखवलं. ते विनोद करतील म्हणून वाट बघितली. केला नाही. म्हणाले, "चिंध्या?" चिंध्या सोमवारीच कचऱ्याच्या गाडीत गेल्या.

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. त्या माणसाने एवढी वाट बोटांवर बांधली होती, आणि मी ती साबण घालून धुतली.

३१ जानेवारी, शनिवार

सहा वाजताच त्यांच्या दारात गेले. कनकाला म्हटलं, रविवारची तयारी आहे, नऊपर्यंत परत आणून सोडते. बालाजीराव बाहेर आले तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, "मी विद्युलता. तुमच्या डाव्या हाताला उभी आहे."

ते थांबले. कळलं त्यांना.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी विचारलं, "किती दिसतं?"

"उजेड आहे की नाही, येवढं. दीड वर्ष झालं." मग म्हणाले, "मंडळात सांगू नका, बाई. सांगितलं की खुर्ची देतील. शेवटची नाही, पहिली देतील, आणि हार घालतील. मग मला कोणी चालू देणार नाही."

मी म्हटलं, दोरी माझ्या हातून बिघडली, मीच नीट करणार. तुम्ही चाला, मी बांधते.

सगळं सामान घेऊन गेले होते. तेवीस खण, कात्री आणि गिरीधरचा चामडी पट्टा. पट्टा न विचारता घेतला. स्टेशनपासून सुरुवात. शंभर पावलं म्हणजे एक गाठ. डावं वळण म्हणजे चामडं. रस्ता ओलांडायचा तर सुती खण, थांबून बोलायचं ठिकाण म्हणजे रेशमी. माझी पहिली गाठ चाचपून म्हणाले, सैल आहे. दुसरीही सैल. "पोदुम, बाई, हे गाठ नव्हे, वेणी आहे," म्हणाले (पोदुम म्हणजे पुरे) आणि बंदराची गाठ कशी मारतात ते माझी बोटं धरून शिकवलं. नऊ गाठी मला सोडून पुन्हा मारायला लावल्या. मी चिडले. पण किती दिवसांनी बरं वाटत होतं चिडायला.

तरी मी म्हटलं, उद्या मी तुमच्या कोपराशीच चालणार, आणि रस्ता ओलांडताना माझा शब्द चालेल, दोरीचा नाही. बत्तीस माणसांची आणि एक तुमची जबाबदारी आहे माझ्यावर. त्यांनी हातातली गाठ दोनदा चाचपली. "सरी," म्हणाले.

मिठाच्या गोदामाच्या कोपऱ्यापुढे जरा गेल्यावर म्हणाले, इथे आणखी एक खूण हवी. जरीचा काठ आहे का? त्या हिरव्या खणाचा काठ कापून बांधला. ही कशाची, विचारलं. "दोरीवर आधीही होती. गेल्याच्या गेल्या रविवारी बांधली," एवढंच बोलले. काय ते सांगितलं नाही. हट्टीपणा जागच्या जागी आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

तीस आले. दोघांना सर्दी.

बालाजीराव पुढे, भिंतीकडेने, हात पिशवीत. मी कोपराशी. पाट्या मी मोठ्याने वाचत होते, लोकांना वाटलं मी मदतनीस. वखारीपाशी आईच्या आवाजाची गोष्ट आली तेव्हा मागची माणसंही पुढे सरकली. धक्क्याकडच्या उंच भिंतीपाशी एक जण म्हणाला, इथून काहीच दिसत नाही हो. बालाजीराव म्हणाले, "मलाही नाही," आणि भिंतीपलीकडचं पाणी कुठे किती खोल होतं ते हाताने दाखवत गेले. सगळे हसले, मग सगळे ऐकत राहिले. मी चष्मा पुसला.

पण विद्याधर! मिठाच्या गोदामाशी मागून लगबगीने आले आणि सुरू झाले. दर महिन्याला करायचं तर मार्ग बदलू या, त्या हॉटेलवरून नेऊ, इडली गार झाली होती. माझी तार सटकली. मागे मान वळवून, चालता चालताच, मी त्यांना सुनावत होते की हा रस्ता एका पावलानेही बदलणार नाही, ज्याला गरम इडली हवी त्याने घरी बसावं. विद्याधर म्हणाले, अहो, पण कारण तरी सांगा. मी म्हटलं, रस्ता ठरला.

तेवढ्यात माझ्या पोटापुढे एक हात आडवा आला. बालाजीराव थांबले होते. तोंड समोरच, उजव्या हाताची बोटं पिशवीत कशावर तरी घट्ट.

"बाई," म्हणाले, "फरशी."

खाली बघितलं. फुटलेली फरशी माझ्या पायापासून वीतभर अंतरावर होती.